शून्य धावांची चार षटकं
खेळाचा दर्जा : लेखांक चौथा

८ नोव्हेंबर २०२१ रोजी आंध्रातल्या मंगलगिरीच्या मैदानावर यवतमाळ जिल्ह्याच्या अक्षय कर्णेवारनं चार षटकं टाकली. चारही निर्धाव, वर दोन बळी. टी-ट्वेंटीच्या पुरुष क्रिकेटमध्ये आपल्या वाट्याची पूर्ण चार षटकं टाकून एकही धाव न देणारा तो जगातला पहिला गोलंदाज. सामना सय्यद मुश्ताक अली करंडकाचा होता. विदर्भानं एक गडी गमावून २२२ धावा केल्या, समोरचा संघ ५५ धावांत गारद झाला. तो संघ होता मणिपूरचा. विक्रमाची बातमी वाचून 'वा!' म्हणणारा माणूस दुसऱ्याच ओळीला 'अच्छा, मणिपूर होय!' म्हणतो. या लेखात मला त्या 'होय'कडेच जरा नीट पाहायचं आहे.

कर्णेवारनंतर आठवडाही गेला नाही, तोच कॅनडाच्या साद बिन जफरनं अगदी हेच आकडे नोंदवले. समोर पनामा. जून २०२४ मध्ये विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसननं चार निर्धाव षटकांत तीन बळी घेतले. समोर पापुआ न्यू गिनी. गोलंदाज बदलले, खंड बदलले. समोरचा संघ मात्र प्रत्येक वेळी नवखाच.

म्हणून कर्णेवारचं कौतुक कमी होत नाही. तो दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. उजव्या हाताच्या फलंदाजाला डाव्या हातानं, डावखुऱ्याला उजव्या हातानं, म्हणजे चेंडू दोघांनाही बाहेर निघणारा. हात बदलायचा तर आधी पंचाला सांगावं लागतं, पंच फलंदाजाला कळवतो, साइटस्क्रीनही हलवावा लागतो. यात लपवाछपवी काही नाही, फलंदाजाला सगळं ठाऊक असतं. तरीही दोन्ही हातांनी चोवीसच्या चोवीस चेंडू टप्प्यावर टाकणं ही वर्षानुवर्षांची मेहनत आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या सराव सामन्यात त्यानं ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांनाही असेच हात बदलून चेंडू टाकले होते. त्या दिवशी समोर पनामा नव्हता.

मग मणिपूर मंगलगिरीत आलं कसं? भारतीय क्रिकेट मंडळाच्या कारभाराविषयीच्या लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१६ मध्ये स्वीकारल्या, आणि २०१८-१९ च्या हंगामात एकदम नऊ नवे संघ देशांतर्गत स्पर्धांत उतरले : ईशान्येकडची सहा राज्यं, बिहार, उत्तराखंड आणि पुदुच्चेरी. एकूण संख्या ३७ झाली. गंमत अशी, की 'एक राज्य, एक मत' या मूळ सूत्रात महाराष्ट्रातल्या तीन संघटनांना मिळून एकच मत उरत होतं. विदर्भाला स्वतःचं पूर्ण मत परत मिळालं ते न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये ते सूत्र सैल केलं तेव्हा.

नव्या संघांचे आकडे लगेच फुगले. बिशनसिंग बेदींनी १९७४-७५ मध्ये एका रणजी हंगामात ६४ बळी घेतले होते. चार दशकं हा विक्रम कुणाला हलवता आला नाही. २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमननं नवख्यांच्या प्लेट गटात ६८ घेतले. त्याच मोसमात सर्वाधिक १३३१ धावा सिक्कीमकडून खेळणाऱ्या मिलिंद कुमारच्या नावावर लागल्या. हा गडी पुढं अमेरिकेच्या संघात गेला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारी, गोव्यातल्या पर्वरीच्या मैदानावर, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४ आणि कश्यप बखले नाबाद ३०० अशी जोडी जमली. भागीदारी ६०६ धावांची, गोव्याची धावसंख्या २ बाद ७२७. समोर अरुणाचल. हा सामनाही प्लेट गटातलाच होता, म्हणजे नवख्यांची वेगळी पंगत बसवूनही दरी उरलीच.

एवढं वाचून 'दर्जा घसरला' हा निकाल देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्याआधी जरा १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला जाऊ. महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ ला नऊ धावा कमी होत्या, आणि काठियावाडच्या संघानं सामनाच सोडून दिला. धावफलकावर ४ बाद ८२६ लागले होते. आणखी किती कुटून घ्यायचं, असं त्यांना वाटलं असणार. ज्या काळाला आज आपण सोन्याचा म्हणतो त्या काळातलीच ही गोष्ट. दुबळे संघ तेव्हाही होते आणि त्यांच्यावर विक्रमही तेव्हा रचले जात होते. निंबाळकर कसोटी मात्र कधीच खेळले नाहीत.

त्या काठियावाडचं पुढं काय झालं? तोच संघ सौराष्ट्र झाला, आणि सौराष्ट्रानं २०१९-२० व २०२२-२३ असा दोनदा रणजी करंडक जिंकला.

आपलं स्वतःचंही तसंच आहे. वऱ्हाडातली पोरं आधी मध्य प्रांत व वऱ्हाडच्या संघातून खेळत. विदर्भ या नावानं संघ रणजीत उतरला तो १९५७-५८ मध्ये. पुढची साठ वर्षं करंडक सोडा, अंतिम फेरीही दिसली नाही. विदर्भाविरुद्धचा सामना म्हणजे मोठ्या संघांना हमखास गुणांची सोय. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू, उमेश यादव, भारताला मिळाला थेट २०११ मध्ये. नागपूरजवळच्या जामठ्याचं मैदान त्याआधीच आलं होतं; निवासी अकादमी आली, वसीम जाफरसारखे बाहेरचे अनुभवी खेळाडू आले, चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक आला. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात इंदूरला रजनीश गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि फैज फजलच्या हाती करंडक आला. पुढच्याच वर्षी जामठ्याला सौराष्ट्रावर ७८ धावांनी मात. त्या सामन्यात आदित्य सरवटेनं चेतेश्वर पुजाराला १ आणि ० वर माघारी धाडलं. आणि पहिल्या डावात खालच्या क्रमांकावर येऊन नाबाद ७३ धावा काढत विदर्भाला ३१२ पर्यंत नेलं ते याच अक्षय कर्णेवारनं. माझ्या लेखी त्याचा खरा विक्रम तो. मंगलगिरीची चार षटकं त्यानंतर.

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्येही हेच रडगाणं पिढ्यानपिढ्या चालू आहे : संघ वाढले, दर्जा पातळ झाला. टँपा बेचा बुकेनियर्स हा संघ १९७६ मध्ये तिथल्या लीगमध्ये आला आणि पहिले २६ सामने ओळीनं हरला. जानेवारी २००३ मध्ये त्याच संघानं लीगचा अंतिम सामना, सुपर बोल, जिंकला.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. रणजी क्रिकेटचा वरचा थर घसरलेला नाही, उलट तिथली स्पर्धा आज अधिक कडवी आहे. जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा, रहाणे, जयस्वाल, श्रेयस अय्यर असा भरलेला मुंबईचा संघ जम्मू-काश्मीरकडून हरला, तेही मुंबईतच. त्याच मोसमात विदर्भाच्या हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन अमनचा विक्रम मोडला, आणि हे बळी प्लेट गटातले नव्हते. खालचा थर मात्र एकदम रुंदावला आहे, आणि सरासरी काढताना आपण दोन्ही थर एकाच ताटात वाढतो. खरा दोष कुठं असेल तर तो मंडळाच्या घाईत आहे. संघ एका वर्षात उभे केले; मैदानं, पंच, शालेय स्पर्धा यांना तेवढ्या वेगानं उभं राहता येत नाही. विदर्भाला साठ वर्षं दिली आपण. मणिपूर-अरुणाचलला पहिल्या दहा वर्षांत हसणं यवतमाळकरांना तरी शोभत नाही.

पुढच्या आठवड्यात वीस षटकांच्या खेळानं पाच दिवसांच्या फलंदाजीचं काय केलं, ते पाहू. तोवर पेपरात कुणाचं त्रिशतक झळकलं, तर शेजारी समोरच्या संघाचं नाव आणि गट तेवढा वाचून घ्या.