पिकअप वाहनातील प्रवाससुख : पाट्यांच्या ताठरतेचा प्रश्न
पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरवळ येथून मालवाहू पिकअप भरून जातात व अनेकदा रिकामे परततात. मागील पाटे पूर्ण भारासाठी ताठर ठेवलेले असल्याने रिकाम्या फेरीत धक्के अधिक बसतात. ताठरता तीच राहून पाट्यांवरील वस्तुमान चौपट झाल्यास स्वाभाविक वारंवारता निम्मी होते. माल उतरताच ती पुन्हा वाढते. बसलेल्या माणसास ४ ते ८ हर्ट्झची उभी कंपने सर्वाधिक जाणवतात व रिकामे वाहन या पट्ट्याच्या जवळ सरकते. जादा पाटे बसविल्यास भार पेलला जातो. परंतु चालकाच्या पाठीवरील ताण वाढतो. त्याऐवजी भार पडल्यावरच कार्यरत होणारे साहाय्यक पाटे, सुस्थितीतील शॉक ॲब्सॉर्बर व भारानुसार टायरमधील हवा हे उपाय अधिक शास्त्रीय होत. खंबाटकी घाटाच्या वळणांवर चाकांची पकडही त्यांमुळेच टिकते.