रेनकोटच्या आतला पाऊस

पावसात सायकलने शाळेत आलेल्या मुलाने रेनकोट काढला, की पुष्कळदा आतला शर्टही ओला निघतो. रेनकोट गळका असतोच असे नाही. पायडल मारताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जेची उष्णता होते. मग घाम येतो. १ ग्रॅम घामाची वाफ होताना त्वचेची सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. प्लास्टिक मात्र पाण्याबरोबर वाफही अडवते. कोटाच्या गार आतल्या बाजूवर तिचेच थेंब होतात. हातावर प्लास्टिकची पिशवी दहा मिनिटे सैलसर बांधून हे वर्गात पाहता येईल.

१९६९ साली बॉब गोअर यांनी टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. त्यातून वाफ जाते, थेंब जात नाही. पण वाफ जाते ती जास्त बाष्पाकडून कमी बाष्पाकडे. कोकणात जुलैत बाहेरची हवाच इतकी दमट असते, की हा महाग कोटही मंदावतो.

म्हणून आपल्याकडे कापडापेक्षा हवेची वाट महत्त्वाची. काखेत झरोके असलेला, खालून मोकळा कोट घ्यावा. पण त्याचा घोळ चाकात वा साखळीत अडकता कामा नये. रंग भडक हवा. टोपी मानेबरोबर वळते ना, हेही पाहावे. मागून येणारी गाडी दिसणे हे कोरडे राहण्याहून अधिक मोलाचे आहे.