डॉगवुड : चारही ऋतूंची शोभा

अमेरिकेच्या पूर्व भागातील वनांत वसंतात डॉगवुड वृक्ष शुभ्र दिसतो. पाहणाऱ्यास ज्या पाकळ्या वाटतात, ती वस्तुतः बारीक फुलांच्या गुच्छाभोवतीची छदे, म्हणजे रूपांतरित पाने होत. पानगळीपूर्वी पर्णसंभार आरक्त होतो. तांबडी फळे पक्ष्यांचे अन्न बनतात. परंतु १९७० नंतरच्या काळात एका कवकरोगाने असे असंख्य वृक्ष नष्ट केले. दाट, दमट सावलीत तो बळावतो. म्हणून तेथे रोगास अधिक प्रतिकार करणारी जपानी ‘कौसा’ जात निवडणे हितावह होय.

हिवाळ्यातील शोभेसाठी तांबड्या सालीचे डॉगवुड झुडूप लावावे. तो रंग कोवळ्या फांद्यांवरच खुलतो. यास्तव जुन्या फांद्या वसंतारंभी बुडाशी छाटाव्यात. डॉगवुडचाच आप्त भमोरा आपल्या हिमालयात वाढतो. त्याची लाल फळे लोक आवडीने खातात.