पोटमाळ्यावरची घरघर

नेदरलँड्समध्ये 1 जानेवारी 2024 रोजी बांधकामाची 2012 ची नियमावली जाऊन नवी आली. नव्या घरातल्या वायुवीजन यंत्राचा आवाज राहत्या खोल्यांत 30 डेसिबलच्या वर जाऊ नये, ही जुनी अट तिच्यातही कायम राहिली. मात्र ती नव्या घरांपुरतीच. 2012 च्या आधीच्या दशकात जी घरं उभी राहिली, त्यांच्याकडे याही वेळी कुणी वळून पाहिलं नाही. खरा त्रास आहे तो त्याच घरांत.

त्याआधीची वर्षं भरभर उलटता येतात. 1973 च्या तेलटंचाईनंतर फटी बुजल्या, खिडक्यांना दुहेरी काचा आल्या, न्हाणीघरातली हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा आला. 1995 च्या अखेरीस घराच्या ऊर्जावापराला कायद्याने आकडा लावला: सुरुवातीला 1.4, 2000 मध्ये 1.0, 2006 मध्ये 0.8. आकडा कमी, तर घर काटकसरी.

आकडा खाली आणायला बिल्डरांना एक स्वस्त वाट सापडली. पोटमाळ्यावर एक पेटी बसवायची. तिच्यातला एक पंखा घरातली उबदार, दमट हवा बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची ताजी हवा आत घेतो आणि जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला मिळते. कल्पना उत्तम आहे, आजही आहे. बसवणाऱ्यांनी तिची माती केली. पेटी जड भिंतीवर बसवा, चौरस मीटरला निदान 200 किलो वजनाच्या, असं माहितीपुस्तिकांत सांगितलेलं असे. प्रत्यक्षात ती शेजारच्या झोपायच्या खोलीच्या हलक्या पार्टिशनवर ठोकली जाई, आणि भिंत ढोलासारखी घुमे. नळ्या अरुंद, वळणं फार. पेटीजवळचा सायलेन्सर खर्च वाचवायला गाळलेला किंवा आखूड. छतातली झडप जेमतेम उघडी, त्यामुळे हवा शिटी मारत येणार. फिल्टर तुंबला की तेवढीच हवा ढकलायला पंखा आणखी जोरात फिरणार.

स्वयंपाकघरात तीन वेगांचं बटण. चौरस मीटरमागे सेकंदाला 0.9 लिटर ताजी हवा हवी, म्हणजे 12 चौरस मीटरच्या खोलीला जवळपास 11 लिटर. अनेक घरांत ती तिसऱ्या वेगावरच मिळे, आणि त्या वेगावर झोप लागत नसे. मग लोक बटण एकवर ठेवून द्यायचे, काही जण प्लगच काढायचे. सकाळी खोली कोंदट, डोकं जड. वर त्यांनाच ऐकवलं जाई की तुम्हाला यंत्र वापरता येत नाही. त्या दशकातला हा सगळ्यांत मोठा अन्याय. आवाज ही किरकोळ कुरबुर नव्हती. हवा न मिळण्याचं कारणच तो होता.

कायद्याचा अजब न्याय पाहा. शेजाऱ्याच्या यंत्राचा आवाज तुमच्या घरात किती यावा, याला 2003 च्या नियमावलीत मर्यादा होती. तुमच्या स्वतःच्या यंत्राला नव्हती. झोपायच्या खोलीत 30 डेसिबलपेक्षा जास्त सततचा आवाज नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्येच सांगितलं होतं. ते कायद्यात उतरायला 13 वर्षं लागली.

तीही आपोआप सरली नाहीत. आमर्सफोर्ट शहराच्या फाटहोर्स्ट या नव्या वस्तीतल्या रहिवाशांनी तक्रारी लावून धरल्या, 2008 मध्ये ‘झेम्ब्ला’ या शोधपत्रकारितेच्या टीव्ही कार्यक्रमाने त्या देशासमोर मांडल्या आणि मग सगळे खडबडून जागे झाले. राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा 2011 चा अहवाल आला. त्यासाठी तपासलेल्या सुमारे 300 घरांपैकी बहुसंख्य घरांत आवाज, अपुरी हवा, देखभालीची हेळसांड असे दोष निघाले. फाटहोर्स्टच्या लोकांचे आभार कुणी मानले नाहीत; नव्या घरात आज शांत झोपणाऱ्यांनी ते मानायला हवेत.

2021 पासून घराबाहेरच्या हीट पंपाला शेजाऱ्याच्या हद्दीवर रात्री 40 डेसिबलची मर्यादा आली. पुन्हा शेजाऱ्याचीच काळजी, आणि ती योग्यच आहे. पण जुन्या पेट्या बदलायला, सायलेन्सर बसवायला, नळ्या साफ करायला घरमालकाला भाग पाडील असं कलम 2024 मध्येही घालता आलं असतं. ते घातलं नाही, ही सरकारची सरळसरळ चूक आहे.

नोकरीनिमित्त आइंडहोवन किंवा आम्स्टेलफेनला भाड्याचं घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांनी म्हणूनच एवढं करावं. घर 2000 ते 2012 मधलं असेल, तर पाहायला गेल्यावर बटण तीनवर करा, झोपायच्या खोलीत जा, दार लावा आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा. फिल्टर शेवटचा कधी बदलला, ते विचारा. अशा घरांत गॅसवरच्या चिमणीला बहुधा स्वतःची मोटर नसते, फोडणीचा धूर याच पेटीला ओढावा लागतो. तेव्हा तीनचा वेग रोज लागणारच आहे. तो आवाज सोसवत नसेल, तर सही करण्याआधी दुरुस्ती लेखी मागा.