हापूसचा घमघमाट कशाचा?

अढीतलं गवत बाजूला सारलं की घरभर घमघमाट सुटतो. त्यात डझनावारी बाष्पशील रसायनं मिसळलेली असतात. गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र ती सुटी करतं, मास स्पेक्ट्रोमीटर ओळखतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसवर असं काम झालं आहे. ओसिमीनसारखी टर्पिनं कैरीतच भरपूर असतात. तिचा हिरवट, चिकाकडे झुकणारा वास मुख्यतः त्यांचा. पिकताना लॅक्टोनं आणि फ्युरॅनोनं तयार होतात, आणि खरी गंमत इथेच आहे. लॅक्टोनांचा वास स्निग्ध, खोबऱ्याची आठवण देणारा. फ्युरॅनोनांपैकी फ्युरेनिऑलचा जळत्या साखरेसारखा गोड. अननसात आणि स्ट्रॉबेरीतही हेच फ्युरेनिऑल असतं! तेव्हा आंबा घेताना नुसत्या रंगावर जाऊ नका, देठाशी नाक नेऊन पाहा.