दमणगंगेला किती गुण?

खेरडी (सिल्वासा) : पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडली तरी वारली आणि कोकणा बोली कानावर पडतच राहतात. बदलतं ते सरकार. १९५४ पर्यंत नगर हवेलीचा हा भाग चक्क पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. पेशव्यांनी १७८३ मध्ये सांताना या पोर्तुगीज जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी नगर हवेलीची गावं पोर्तुगिजांना दिली, तेव्हा पाहिलं एवढंच, की वर्षाला १२ हजारांचा महसूल निघतो का.

पोर्तुगीज गेले, तरी एकाच आकड्यावर जागा ठरवायची रीत काही सुटली नाही. विक्रीकरात सूट, आयकरात सवलत मिळाली, आणि सुतापासून तांब्यापर्यंतचे कारखाने जेमतेम ४९१ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात येऊन बसले. आज खानवेलच्या रस्त्याने जाताना भाताची खाचरं आणि पत्र्याच्या शेड एका नजरेत मावतात.

आता कारखान्याची जागा ठरवायला तज्ज्ञ एका आकड्याऐवजी बहुनिकष पद्धत सांगतात. थॉमस साटी यांची १९७०च्या दशकातली रीत त्यातली सगळ्यात चालणारी : निकषांच्या जोड्या लावायच्या, कोणता किती महत्त्वाचा हे १ ते ९ मध्ये सांगायचं, त्यातून वजनं काढायची. समजा, रस्त्यालगतच्या जागेला वाहतुकीचे ९ आणि दमणगंगा नदीच्या सुरक्षिततेचे ३ गुण, आतल्या जागेला ५ आणि ८. वाहतुकीला ६० टक्के वजन दिलं तर रस्त्यालगतची जागा ६.६ विरुद्ध ६.२ ने जिंकते. तेच ६० टक्के नदीला द्या, लगेच ५.४ विरुद्ध ६.८! जमीन तीच, नदी तीच. हिशेबात काडीची चूक नाही. खरी मेख आहे ती वजनं कोण ठरवतं यात.

दुसरी खोट अशी, की या बेरजेत स्वस्त जमीन घाण पाण्याची भरपाई करून टाकते. शेजारच्या डहाणूत केंद्राच्या १९९१च्या अधिसूचनेने ही वाटच बंद केली : लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या गटातले उद्योग नकोतच, आणि उद्योगांसाठी जमीन जास्तीत जास्त ५०० एकर. आधी नकार, मग गुण. मला हाच क्रम पटतो.

रत्नागिरीकरांना हा विषय शिकवायला नको. स्टरलाइटचा तांबे प्रकल्प त्यांनी १९९३ मध्ये रोखला. तो तमिळनाडूत तुतुकुडीला गेला, आणि तिथल्या तांब्याच्या शुद्धीकरणाचा एक कारखाना इथे सिल्वासाजवळ निघाला. २२ मे २०१८ला तुतुकुडीत प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, १३ माणसं मेली. पाठोपाठ तिथल्या प्रकल्पाला टाळं लागलं. रत्नागिरीने दिलेला नकार पुढच्या गावाच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात मांडला होता, कोण जाणे.

लोकांना विचारायची सोय कायद्यात आहे. पण पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते ती जागा निवडून, अहवालाचा मसुदा तयार झाल्यावर. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना तर तीही माफ.