खोकरीचे घुमट ते कॅसिनोची नामशिला : सैनिकांच्या समाध्यांवरील नावांचा प्रश्न

मुरुडच्या परिसरात, राजपुरी खाडीजवळील खोकरी या लहानशा गावी दगडी घुमटांच्या तीन भव्य कबरी आहेत. जंजिऱ्याच्या होड्या गाठण्याच्या घाईत असलेल्या पर्यटकांचे त्यांच्याकडे फारसे लक्ष जात नाही. सर्वांत मोठी कबर सिद्दी सुरूलखानाची असून उर्वरित दोन सिद्दी कासम ऊर्फ याकूतखान व सिद्दी खैरियतखान यांच्या आहेत. १६८९ मध्ये मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडणारा सरदार तो हाच याकूतखान. १८८३ च्या कुलाबा व जंजिरा गॅझेटियरने या कबरींची सविस्तर दखल घेतली आहे. याकूतखानाच्या कबरीवरील अरबी लेखात त्याचे मृत्युवर्ष हिजरी १११८ असे दिले आहे. कबरींच्या व्यवस्थेसाठी एका गावाचे उत्पन्न तोडून दिल्याचीही नोंद तेथे सापडते.

तथापि, ही नावे सरदारांची आहेत. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी जंजिऱ्याला घातलेल्या वेढ्यासारख्या प्रसंगी याच खाडीच्या दोन्ही तीरांवर शिपाई व खलाशी मृत्युमुखी पडले. त्यांची नावे दगडावर कोरण्याची प्रथा कोणत्याच पक्षात नव्हती. महाराष्ट्रातील वीरगळ पाहिले, तरी त्यांवर लढाईचा प्रसंग व स्वर्गारोहण कोरलेले दिसते, पण बहुसंख्य वीरगळांवर लेख नसतो. गावाला वीर ठाऊक होता, म्हणून नावाची गरज भासली नसावी, असे अनुमान करता येते. पिढ्या सरल्या आणि वीरगळ ‘कुठल्यातरी देवाचा दगड’ होऊन शेंदूर ल्याला.

सामान्य सैनिकाचे नाव शिलेवर येणे ही कल्पना आधुनिक आहे. ती संस्थात्मक स्वरूपात पहिल्या महायुद्धात उदयास आली. २१ मे १९१७ रोजी फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने इम्पिरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झाले. १९६० मध्ये त्याच्या नावातील ‘इम्पिरियल’ जाऊन ‘कॉमनवेल्थ’ आले. प्रत्येक मृत सैनिकाचे नाव थडग्यावर अथवा स्मारकावर असावे आणि हुद्दा, वंश वा धर्म यांनुसार भेद करू नये, ही या आयोगाची घोषित तत्त्वे होत. धर्माचार मात्र पाळावयाचे होते. मुसलमान सैनिकांचे दफन होई आणि हिंदू व शीख सैनिकांचे शक्य तेथे दहन. त्यामुळे हिंदू सैनिकाच्या बाबतीत अनेकदा थडगे नसतेच. स्मारकावरील ओळ हीच त्याची समाधी ठरते. इटलीतील फोर्ली येथे भारतीय सैनिकांच्या दफनभूमीलगत दहन झालेल्यांचे स्वतंत्र स्मारक आहे, ते याच कारणाने.

ही ओळ सर्वांना मिळाली काय? फ्रान्समधील न्यूव्ह-शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. इराकमधील बसरा स्मारकावर मात्र वेगळा न्याय लावला गेला. तेथे ४०,००० हून अधिक मृतांची स्मृती आहे. परंतु ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरून भारतीय शिपायांची केवळ पलटणवार संख्या देण्यात आली. कूट-अल-अमाराच्या वेढ्यात, म्हणजे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात, १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमार, रोगराई आणि नंतरचा कैदेतील प्रवास यांत त्यांची मोठी हानी झाली. समतेचे तत्त्व युरोपात पाळले गेले आणि जेथे पाहणारे डोळे कमी होते तेथे सोडले गेले, असेच म्हणावे लागते. आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मधील अहवालात ही विषमता मान्य केली. प्रामुख्याने आशियाई व आफ्रिकी अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण इतरांहून असमान रीतीने झाले, तर किमान १,१६,००० जणांचे नावानिशी वा मुळीच स्मरण झाले नाही, असा तिचा अंदाज आहे.

मायदेशीही आकडाच उरला. महाराष्ट्रातील अनेक गावांत सरकारने बसविलेल्या संगमरवरी पाट्या आढळतात. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. साताऱ्यातील अपशिंगे येथील ४६ मृतांची आठवण गावाने जपली म्हणून ती प्रसिद्ध आहे. इतरत्र शाळेच्या वा चावडीच्या भिंतीवर चुन्याच्या थराखाली पाटी दिसेनाशी होते. याउलट पुण्याजवळच्या खडकी येथील युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांची स्वतंत्र थडगी आहेत. देखभालीची शाश्वती नसलेल्या जागांतील अवशेष तेथे आणले गेले. मुंबईतील शिवडी येथूनही १९६२ मध्ये ६२९ सैनिकांचे अवशेष हलविण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात चित्र काही अंशी बदलले. ११० क्रमांकाची पलटण १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. याच बटालियनमध्ये नाईक यशवंत घाडगे होते. जंजिरा संस्थानाला लागून असलेल्या माणगाव तालुक्यातील पळसगाव हे त्यांचे गाव. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतील इतर सर्व जण ठार वा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे जिंकले आणि तेथेच ते निशाण्यावरील बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे थडगे नाही. कॅसिनो स्मारकावर, थडगे ज्ञात नसलेल्या सुमारे ४,००० सैनिकांमध्ये त्यांचे नाव आहे. माणगावच्या तहसील कार्यालयापाशी त्यांचा पुतळा आहे. इटलीतील मोन्तोने येथे २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिका उभारण्यात आली. कूटमध्ये मेलेला त्याच पलटणीतील शिपाई शिलेवर एक अंक झाला, तर अठ्ठावीस वर्षांनंतर मेलेल्या नाइकाचे नाव शिलेवर आले.

आयोगाच्या संगणकीय नोंदवहीत आता बसऱ्याच्या शिपायांपैकीही अनेकांची नावे मिळतात. नोंदीत शिपायाचा क्रमांक व पलटण असते. क्वचित पित्याचे नाव, गाव, तालुका व जिल्हाही असतो. हे सर्व लष्करी कारकुनाने ऐकून रोमन लिपीत उतरविलेले असल्याने ते ओळखण्यास स्थानिक भाषेचे व आडनावांचे ज्ञान लागते. इतिहास, भूगोल व मराठी या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे काम आहे. पंजाबातील सैनिकांच्या पहिल्या महायुद्धातील सुमारे ३,२०,००० नोंदी लाहोर संग्रहालयातील वह्यांवरून २०२१ मध्ये अशाच सहकार्यातून खुल्या झाल्या.

नोंदी वाचताना काही सावधगिरी आवश्यक आहे. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. त्यामुळे नोंदीतील कुलाबा म्हणजे मुंबईचे कुलाबा असे समजू नये. मुरुड, म्हसळे व श्रीवर्धन हे महाल जंजिरा संस्थानात असल्याने तेथील शिपायाच्या नोंदीत जिल्ह्याऐवजी संस्थानाचे नाव येऊ शकते. शिवाय मुरुड नावाचे गाव दापोली तालुक्यात आहे आणि लातूर जिल्ह्यातही आहे. तालुका अथवा संस्थानाचा उल्लेख नसेल, तर आडनाव, गावातील भावकीची माहिती व शाळेचे जुने दाखले पडताळल्याशिवाय तो सैनिक आपल्या यादीत घेऊ नये.